दाराजवळची खुंटी

वैशाख लागला की आमच्या कॉलनीत कुणाच्या ना कुणाच्या घरी सुतारकाम निघतंच. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, पाऊस अजून लांब असतो आणि लग्नसराईतल्या पाहुण्यांना जुनी कपाटं दाखवायची नसतात. यंदा शेजारच्यांनी काढलंय. सकाळी नऊला त्यांच्याकडे मशीन सुरू होतं ते जेवणापर्यंत किंचाळत राहतं. मी खिडक्या लावून घेते, कपाळाला आठ्या घालते, आणि मशीन थांबलं की मात्र गपचूप खिडकी उघडून भुशाचा वास छातीभर घेते. त्या प्लायवूडला वास असा डिंकाचाच. पण त्यात चिमूटभर खरं लाकूडही कुठेतरी असतं, आणि मला अकरा वर्षं मागं न्यायला तेवढं पुरतं.

घर हेच, सातपूरचं. तीन खोल्या, त्यातलं स्वयंपाकघर मधलीच्या बाजूला, पुढे ओटा, ओट्यापुढे चार पावलांचं अंगण आणि फाटक. मागची खोली अण्णांची. अण्णा म्हणजे माझे सासरे. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ते घरात टूलरूमसारखेच वावरत. पोळी डब्यात ठेवली की झाकण नीट बसलं का ते बोट फिरवून बघत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात अण्णा, शिफ्टची ड्यूटी करणारे आमचे हे, सहा वर्षांची मुग्धा आणि मी.

त्या वर्षी मी ह्यांच्या हातात यादीच ठेवली. आत स्वयंपाकघरात फडताळ, मधल्या खोलीत शोकेस, अण्णांच्या खोलीचं दार वाळवीनं खाल्लं होतं ते नवीन. बाहेर ओट्याला बसायला बाक, आणि फाटक बदलायचं. ते होतं डब्याच्या पत्र्याचं, वाऱ्यानं दिवसभर खडखडायचं. आणि हे सगळं झालं की भिंतींना रंग. भिंतींची मला फार लाज वाटे. कमरेच्या जरा वर, दारांच्या कडेनं, कोपऱ्यांवर मळकट डाग पडले होते. मुग्धाचे हात म्हणून मी तिला कितीदा रागावले होते. ती बिचारी म्हणायची, "मी नाही गं," आणि मी म्हणायची, "मग काय भुतानं लावले?" ते डाग तिच्या डोक्याच्या उंचीला होते, चालता-खेळता तिचा हात तिथे टेकणारच नव्हता, हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नाही.

ह्यांच्या ओळखीतून रंगनाथ मिस्त्री आले. गिरणाऱ्याच्या बाजूचे. साठीचे, ठेंगणे, बंडीच्या खिशात खडीसाखर. सायकलला गोणपाट बांधलेलं, त्यात रंधा, पटाशा, करवत, गिरमिट. मी यादी वाचून दाखवली. त्यांनी खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला, तिन्ही खोल्यांतून एक चक्कर मारली, भिंतींकडे बघितलं, आणि ओट्यावर जाऊन बसले.

बसले ते दोन दिवस बसले. सकाळी यायचे, गोणपाट उलगडायचे, हत्यारं मांडायचे, आणि नुसते बसून राहायचे. कधी ओट्यावर, कधी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर. अण्णा पाणी प्यायला उठले की त्यांच्याकडे बघायचे. अण्णा परत गेले की भिंतीकडे.  मला वाटलं, ह्यांनी कुठून हा आळशी माणूस शोधून आणला.

"मिस्त्री, काम कधी सुरू करायचं?" मी दुसऱ्या दिवशी विचारलंच.

"सुरू हाय की ताई," ते म्हणाले.

मग मीच काहीतरी करावं म्हणून बादलीत सोड्याचं पाणी घेतलं आणि भिंतीवरचे डाग घासायला बसले. पहिला डाग जेमतेम ओला केला असेल, मिस्त्री एकदम उठून आले. त्यांना इतक्या चपळाईनं उठताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"ताई, ते पुसू नका. माप हाय ते."

"कसलं माप?"

त्यांनी आवाज खाली आणला. अण्णा आत झोपले होते. "अण्णांना दिसत नाय. लय दिवस झाले असतील. भिंतीला धरून चालतात ते. हे बगा, हितं वळतात. हितं उंबरा चुकवाया हात टेकतात. हितं थांबतात, कुनी हाय का ते ऐकत्यात. मंग पुढं." ते डागाला बोट न लावता दाखवत होते, एकेक करून, मागच्या खोलीपासून ओट्यापर्यंत. "वरचे डाग जुने हायती, खालचे ताजे. पहिल्यांदा नुसती बोटं लागायची. आता अख्खा तळवा लागतो."

माझ्या हातातलं फडकं बादलीत पडलं. रोज त्या भिंतींसमोर वावरणारी मी, दोन मुठी धान्यातला एक खडा मला दिसायचा, आणि हा माणूस काल आला होता.

मग एकामागून एक सगळं आठवायला लागलं. वर्षभर अण्णा पेपर मुग्धाकडून वाचून घेत होते. "तिचं वाचन सुधारतं," म्हणायचे, आणि मी चार बायकांत ते कौतुकानं सांगायची. टीव्ही लावला की "त्यात बघण्यासारखं काय असतं" म्हणून उठून जायचे. सकाळचं फिरणं बंद केलं, तेव्हा गुडघे दुखतात म्हणाले होते; मी तेल लावून द्यायची, आणि ते निमूट लावून घ्यायचे. धडधाकट गुडघ्यांना वर्षभर तेल लावून घेतलं त्या माणसानं! किती एकटे असतील ते त्या तेलाच्या वेळी, असं मनात आलं आणि मला रडूच आलं. मिस्त्री ओट्यावर जाऊन पाठ करून बसले.

संध्याकाळी ह्यांनी अण्णांना विचारलं. अण्णांनी हातातलं भांडं चाचपून खाली ठेवलं. मग म्हणाले, "कोणी सांगितलं?"

मिस्त्री हत्यारं बांधत होते. तिथूनच म्हणाले, "भिंतीनं सांगितलं, अण्णा."

डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलीय तीही दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. हा आजार घराण्यात उतरतो, मुलांचेही डोळे तपासत जा, असंही ते म्हणाले होते. त्या गडबडीत ते वाक्य आमच्या कानांवरून गेलं.

घरी आल्यावर अण्णांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "एक सांगून ठेवतो. मला हात धरून फिरवायचं नाही. माझ्या घरात ओट्यावर जायला ज्या दिवशी मला माणूस लागेल, त्या दिवसापासून मी खोलीबाहेर येणार नाही." अण्णांचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा भावाशी वाद झाला म्हणून त्यांनी अकरा वर्षं चहा सोडला होता, आणि वाद चहावरून नव्हताच. ते म्हणतात तसं करतील याची मला खात्री होती. त्या दिवसापासून माझ्या यादीतलं फडताळ आणि शोकेस माझ्या डोक्यातून गेलं. अण्णा दिवाळीनंतर ओट्यावर येतील का, एवढंच राहिलं.

ह्यांनी कारखान्यातल्या माणसाला साजेल असाच उपाय काढला. भिंतीभर लोखंडी पाइप, धरून चालायला. अण्णा कडाडले, "घराचं हॉस्पिटल करू नका!" दोघं बापलेक हमरीतुमरीवर आले.  मिस्त्रींनी अंगणात पडलेली बाभळीची एक काठी उचलली, भिंतीवरच्या एका ताज्या डागाशी उभी धरली, आणि डागाच्या मधोमध आली तिथे करवतीनं कापली. "माझी पट्टी झाली," म्हणाले. त्यानंतर त्या घरात त्यांनी टेप काढला असेल तो चारदोनदा. बाकी सगळं काठीवर.

आणि मग काम सुरू झालं. काय काम ते! हे आणि मिस्त्री मिळून भद्रकालीच्या जुन्या बाजारातून साग घेऊन आले, कुणाच्या तरी मोडलेल्या घरातल्या तुळया. बाहेरून काळ्याठिक्कर, खिळ्यांनी भोकं पडलेल्या. मी नाक मुरडलं. मिस्त्रींनी त्यावरून एकदा रंधा फिरवला आणि आतून मधासारखं पिवळं लाकूड निघालं. कुरळ्या सालपटी अंगणभर पसरल्या. गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या, खाली मुग्धा सालपटी कानांत अडकवून नवरीबाई झाली होती, आणि सगळ्या घराला असा वास सुटला होता की दुपारी झोपावंसं वाटेना. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, पायाशी सालपटी आली की उचलून दोन बोटांत धरायचे. "जाडी सारखी आहे," एकदा स्वतःशीच म्हणाले. कौतुक नव्हतं ते, मोजणी होती. पण दुसऱ्या दिवशी ते खुर्ची आणखी जवळ घेऊन बसले.

मिस्त्री बोलायचे कमी आणि मी विचारायची जास्त. शोकेस मी सांगितलं होतं त्यापेक्षा लांब झालं, थेट अण्णांच्या दारापर्यंत गेलं. मी म्हटलं, एवढं कशाला? "ऱ्हाऊ द्या, कामाला येतं." स्वयंपाकघराच्या चौकटीला एक गोल कड काढली. मी म्हटलं, ही कशाला? "बरी दिसती." ओट्याच्या बाकाची पाठ त्यांनी एवढी उंच केली की मला ती बेढब वाटली. फाटकाची वरची दांडी रंध्यानं, मग काचेच्या तुकड्यानं, मग नुसत्या तळव्यानं, घासघासून इतकी गुळगुळीत केली की मला वाटलं, फाटकाला कशाला एवढे लाड. अण्णांच्या पलंगाजवळ भिंतीला एक अरुंद फळी ठोकली, "औषधाच्या बाटल्यांना." अण्णा एकही औषध घेत नव्हते तेव्हा, थेंब सोडून.

एका दुपारी सगळे पांगले होते. मिस्त्री अंगणाच्या कोपऱ्यातल्या झाडाखाली भाकरी खात होते. मी अण्णांच्या पलंगाशी उभी होते आणि का कुणास ठाऊक, डोळे मिटले. हात लांब केला. बोटांना फळी लागली. फळीच्या कडेनं हात सरकत गेला. फळी संपली तिथे दाराची चौकट. चौकटीनंतर शोकेसची कड. शोकेस संपतंय असं वाटेपर्यंत स्वयंपाकघराच्या चौकटीची ती गोल कड हातात आली, आणि गोल होती म्हणून कळलं की इथे वळायचं नाही, सरळ जायचं. मग बाहेरची चौकट, मग ऊन तोंडावर आलं, मग बाकाची पाठ. बाक संपला, एक पाऊल, दोन पावलं, आणि फाटकाची दांडी थंडगार अशी तळहातात आली. हात एकदाही वर करावा लागला नाही, एकदाही खाली. मी डोळे उघडले तेव्हा फाटकाशी उभी होते. त्या माणसानं पलंगापासून फाटकापर्यंत हाताला एक वाट बांधून दिली होती, आणि बघणाऱ्याला दिसत होतं नुसतं सामान.

मी वळून बघितलं. मिस्त्री झाडाखालून माझ्याकडे बघत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा भाकरी मोडली.

अण्णांना सांगायचं नव्हतंच. सांगितलं असतं तर त्यांनी हॉस्पिटल म्हणून पुन्हा आकाशपाताळ एक केलं असतं.

राहिलं दार. जुना साग फाटकात संपला होता म्हणून दाराला नवीन फळ्या आणल्या, आणि इथे अण्णा आणि मिस्त्री यांची जुंपली. अण्णांनी आपली पेटी मागवली. त्यातून पोलादी पानांचा एक जुडगा काढला, एका खिळ्यात ओवलेली पातळ पातळ पानं. फट किती आहे ते मोजायला फिटर लोक ती फटीत घालून बघतात. नजर जवळजवळ गेली होती, पण बोटांनी पानं मोजत त्यांनी नेमकं हवं ते वेगळं केलं.

"दार आणि चौकट यांत एवढी फट. अर्धा मिलीमीटर. जास्त नको."

"अण्णा, लाकूड हाय ते," मिस्त्री म्हणाले. "पानी पितंय. आता वैशाखात बसवलं तसं आषाढात ऱ्हानार नाय. फुगंल."

"कारणं नकोत. फिटिंग म्हणजे फिटिंग."

"लोखंडाचं तसं आसंल. लाकडाला पावसाची जागा सोडावी लागती."

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. मला वाटलं आता गोणपाट बांधतात. पण त्यांनी पेटीत वाकून बघितलं आणि विचारलं, "ही काय वस्तू, अण्णा?"

ती बोटभर लांबीची पोलादी खीळ होती, साधी सरळ. अण्णांनी हातात घेतली आणि त्यांचा आवाजच बदलला. "सरळ दिसते ना? नाही. टेपर आहे. पन्नासाला एक. म्हणजे पन्नास लांबीला एक जाडी कमी होत जाते. दोन भाग जोडायचे, आरपार भोक पाडायचं, ही ठोकायची. मग ते दोन भाग जन्मात हलणार नाहीत. आणि मोकळे करायचे झाले तर बारक्या टोकाकडून एक टिचकी. बस. हिच्यासारखी इमानदार वस्तू नाही." त्या दिवशी तासभर अण्णा बोलत होते. टूलरूमबद्दल ते घरात कधीच बोलत नसत, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मिस्त्री मांडी घालून ऐकत होते. निघताना म्हणाले, "एक दिस ठेवू का माझ्याकडं?" आणि ती खीळ बंडीच्या खिशात, खडीसाखरेत गेली.

दार अण्णांनी सांगितलं तसंच झालं. नेमकं अर्धा मिलीमीटर. अण्णांनी चारी बाजूंनी पान फिरवून बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "ठीक." फक्त दाराच्या कडीकडच्या बाजूला मिस्त्रींनी वीतभर रुंदीची एक उभी फळी वेगळी घातली होती. "फळ्या पुरल्या नाय," म्हणाले. आतल्या अंगाला, काठीच्या उंचीवर, दोन लाकडी ठोकळे, एक त्या फळीला, एक चौकटीला, आणि दोन्हींत वरून उतरलेली एक शिसवी खुंटी. अण्णांचा हात त्यांनी त्या खुंटीच्या बोंडावर ठेवला.

"ही तुमची खूण. ही हाताला लागली का समजायचं, दार आलं. आन कदी अडलं, तर हिला इचारा."

"खुंटीला विचारू?" अण्णा हसले नाहीत, पण हसायच्या जवळ आले होते.

रंग द्यायचा नाही, अळशीचं तेल लावायचं, एवढं मला बजावून मिस्त्री सायकलवरून गेले. ती बाभळीची काठी त्यांनी अण्णांच्या खोलीत, दारामागे ठेवली होती.

आषाढात आठ दिवस पाऊस थांबला नाही. तोवर अण्णांची नजर गेल्यातच जमा होती, पण ते रोज सकाळी पलंगावरून उठून ओट्यावर येत होते, एकटे. हात कडेकडेनं सरकायचा आणि ते आपले रुबाबात येऊन बाकावर बसायचे. दार मात्र रोज थोडं थोडं जड जात होतं. अण्णा कबूल करत नव्हते. जोर लावून ओढायचे आणि म्हणायचे, "बिजागरीला तेल दे, सुमन."

त्या दुपारी मी भाजी आणायला गेले होते. हे पहिल्या शिफ्टला, मुग्धा शाळेत. परत आले तर अण्णांची खोली बंद. वाऱ्यानं दार आपटलं होतं आणि फुगलेलं दार चौकटीत असं बसलं होतं की जणू भिंतच. ते आतल्या बाजूला उघडायचं, म्हणून मी बाहेरून खांदा लावला. ढिम्म हललं नाही.

"अण्णा!"

"आहे मी. ढकलू नकोस."

"मी शेजारच्यांना बोलावते. फोडतील ते."

"सुमन." आवाज शांत होता, पण मला त्यातली भीती कळली. "कुणाला बोलवायचं नाही. चार माणसं येऊन मला खोलीतून काढणार, मग काय राहिलं?"

मी दाराला पाठ लावून खाली बसले. आतून त्यांच्या हाताचा आवाज येत होता, लाकडावरून फिरणारा. पाऊस ओट्याच्या पत्र्यावर वाजत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मला राहवेना. मी म्हटलं, "अण्णा, मिस्त्री म्हणाले होते ना, अडलं तर खुंटीला विचारा."

"थट्टा होती ती."

"मिस्त्री कधी थट्टा करायचे का?"

 मग हात पुन्हा फिरायला लागला, पण आता एकाच जागी. मग अण्णा बोलायला लागले, माझ्याशी नाही, स्वतःशी. "बोंड वर आहे... दोन ठोकळ्यांतून आरपार... खाली टोक बाहेर आलंय. टोक कशाला काढलं बाहेर?" मग एकदम थांबले. "ही सरळ नाही."

"काय?"

"खुंटी सरळ नाही, सुमन! वर जाड आहे, खाली बारीक. टेपर आहे! अरे, रोज हात लावतोय मी, रोज, नुसता बोंडावर!"

मग काठीचा आवाज. खालून वर, टक. पुन्हा टक. तिसऱ्या टिचकीला काहीतरी मोकळं झाल्यासारखा हलका आवाज आला आणि ती वीतभर रुंदीची उभी फळी दाराबरोबर आत वळली. तिला चौकटीकडून तीन बिजागऱ्या होत्या. दीड महिना माझ्या डोळ्यांसमोर होत्या त्या, मी रोज तेल लावत होते. फळी मुळात दाराचीच दुसरी झडप होती, आणि खुंटी होती म्हणून ती भिंतीसारखी उभी होती.

अण्णा दारात उभे होते. घामाघूम. हातात ती काळी खुंटी. ती त्यांनी अंगठा आणि बोट यांत धरून वरपासून खालपर्यंत सरकवली, पुन्हा सरकवली.

"पन्नासाला एक," ते म्हणाले.  "रंध्यानं केलंय गं. हातानं. पन्नासाला एक."

मग माझ्या बाजूनं पुढे होऊन, हात कडेवर ठेवून, ते ओट्यावर गेले आणि पावसाकडे तोंड करून बाकावर बसले. मी मागे गेले नाही. त्यांना माझी गरज नव्हती, आणि मला तेव्हा इतका आनंद झाला होता की भाजीची पिशवी मी देवासमोर ठेवून आले.

दुधवाल्याकडून निरोप धाडला तसे आठवड्यानं मिस्त्री आले. दार उतरवलं, रंधा काढला. अण्णा समोर बसून होते.

"किती वेळ लागला, अण्णा?"

"पाऊण तास."

मिस्त्रींनी मान हलवली. "लय झाला. मला वाटलं, तुमी घटकाभरात काढाल."

"मग आधी सांगायचं होतं!"

"सांगून काय? पहिल्याच दिशी उपसून बघितली आसती आन म्हटला आसता, ही फसवणूक हाय, अर्धा मिलीमीटर नाय." रंध्यावरचा भुसा त्यांनी फुंकला. "आन सांगाया कशाला लागतं? तुमचंच काम हाय ते. तुमी वळखनार नाय तर कोन?"

अण्णा हसले. डोळ्यांचं कळल्यापासून पहिल्यांदा, खदखदून, खांदे हलेपर्यंत हसले. मग त्यांनी पानांचा जुडगा पुढे केला. "बोला, किती फट ठेवायची?"

मिस्त्रींनी तो हातात घेतला नाही. आपल्या करंगळीचं नख अण्णांच्या तळहातावर टेकवलं. "एवडी."

"नखाएवढी तर नखाएवढी," अण्णा म्हणाले.

त्यानंतर नऊ वर्षं अण्णा त्या वाटेनं चालले. शेवटच्या सकाळीही ते स्वतःच ओट्यावर आले होते. शोकेसच्या कडेवर त्यांच्या हाताची एक काळसर, तुकतुकीत रेघ अजून आहे. रंग देणाऱ्यांनी दर वेळी विचारलं, ती घासू का म्हणून. मी दर वेळी नको म्हटलं. भिंती मात्र दोन वर्षांपूर्वी नव्या रंगवल्या, पांढऱ्याशुभ्र.

आणि या वैशाखात, शेजारी मशीन किंचाळत असताना, दारामागे झाडू मारता मारता मला स्वयंपाकघराच्या चौकटीशेजारी एक डाग दिसला. अगदी फिकट. चार बोटांचा. मी मिस्त्रींची ती बाभळीची काठी काढली आणि भिंतीला लावून बघितली. डाग काठीच्या वर होता, चांगला चार बोटं वर. अण्णांपेक्षा घरात उंच एकच माणूस आहे. मग मला आणखी एक दिसला, शोकेस संपतं तिथे भिंतीवर. मी फडकं आणलं नाही. संध्याकाळी हे आले, पेपर उघडला आणि म्हणाले, "वाच बरं मोठ्यानं, आज डोळे चुरचुरतायत." मी पेपर बाजूला ठेवला आणि चपला घातल्या. चला म्हटलं. कुठे, ते विचारत राहिले.

डॉक्टर तरुण होते. यंत्रातून बराच वेळ बघितलं. काचबिंदू आहे, म्हणाले, पण फार पुढे गेलेला नाही, आहे ती नजर वाचेल. थेंब नियमित घाला. मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता मान वर केली. "एवढ्या लवकर कुणी येत नाही हो. लोकांना पत्ताच नसतो. तुम्हाला कसं कळलं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरला.

"आमच्या घरी एक सुतार कामाला होते," मी म्हटलं.